उजेड वाढला, दिसणे घटले

नारायणगावातून टोमॅटोचे क्रेट भरून रात्री निघालेला पिकअप माळशेज घाट उतरून पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात पोहोचायला हवा. उशीर झाला की भाव गेला. रस्त्यात खड्डे, कडेला झोपलेली जनावरे आणि मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली. हेडलाइटचा मिणमिणता पिवळा उजेड चालकाला पुरत नाही. मग तो ॲक्सेसरीच्या दुकानात जातो, पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बची जोडी घेतो आणि दहा मिनिटांत बसवून बाहेर पडतो. त्या रात्रीपासून समोरून येणारा प्रत्येक जण त्याला अप्पर मारून शिव्या घालतो. गंमत अशी की याची गाडी डिपरवरच असते!

अशा चालकांना बेजबाबदार ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. त्याची तक्रार खरी होती. फक्त उपाय करताना ‘उजेड का कमी पडतो?’ हा प्रश्न कोणी विचारला नाही. पोट दुखते म्हटल्यावर न तपासता गोळी द्यावी, तसे झाले.

हेडलाइट म्हणजे नुसता बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा चकचकीत परावर्तक आणि पुढची काच यांचे ते एकत्र गणित आहे. पिकअपमध्ये सर्रास आढळणाऱ्या एच-४ हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, ६० वॉटची अप्परसाठी आणि ५५ वॉटची डिपरसाठी. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती तारेचा खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, म्हणून झोत रस्त्यावर पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. तारेची जागा मिलिमीटरभर हलली तरी ही रचना विस्कटते. तार सर्व बाजूंनी उजळते, तर एलईडीचे चपटे तुकडे एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेले असतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात ते बसवले की प्रकाश नको तिथे फेकला जातो. गाडीपुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख होतात आणि चालक खूश होतो. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचा अंधार त्याला अधिकच काळा दिसतो. वेगात असताना तर नजर लांबच हवी असते. अंधारात न दिसणारा माणूस नव्या दिव्यातही दिसत नाही, दिसतो आहे असा विश्वास मात्र वाढतो.

आता समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहू. प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की भिंगातून आणि डोळ्यातील इतर पारदर्शक भागांतून थोडा विखुरतो आणि दृष्टिपटलावर जणू पांढरा पडदा पसरतो. त्या पडद्याआड गडद कपड्यांतला पादचारी हरवून जातो. वयानुसार भिंग गढूळ होत जाते. सत्तरीच्या डोळ्यात हे विखुरणे तरुण डोळ्याच्या साधारण दुप्पट असते, मोतीबिंदू असेल तर आणखी जास्त. गाडी निघून गेल्यावरही नजर सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत दुचाकी ५० मीटर पुढे गेलेली असते. एवढे अंतर तो दुचाकीस्वार जवळजवळ आंधळाच असतो. समोरच्या दिव्याच्या क्षणभराच्या झोताने दृष्टिपटल जळते, ही समजूत मात्र चुकीची आहे. इजा डोळ्याला होत नाही, पण त्या ५० मीटरांत जीव जाऊ शकतो.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे माल. दिवा नीट जुळवलेला असेल तर डिपरचा झोत १० मीटरवर साधारण १० सेंटिमीटर खाली उतरतो. आता हौद्यात माल भरला आणि मागचे पाटे सहा सेंटिमीटर दबले असे धरू. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर असेल तर झोत दोन टक्क्यांनी वर उचलला जातो. रिकाम्या गाडीत ५० मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा अर्धा मीटर खाली असणारी झोताची कड आता अर्धा मीटर वर जाते, म्हणजे थेट समोरच्याच्या तोंडावर. गॅरेजमध्ये दिवे जुळवले जातात ते रिकाम्या गाडीचे. रात्री रस्त्यावर येते ती भरलेली गाडी.

म्हणून नवे काही विकत घेण्यापूर्वी तपासणी क्रमाने करावी. पहिली पायरी काचेची. उन्हाने पिवळी पडलेली, ओरखडलेली काच निम्माशिम्मा प्रकाश गिळू शकते आणि उरलेला वेडावाकडा पसरवते. ती पॉलिश करून घ्यावी. परावर्तकाची चकाकी गेली असेल, तर पूर्ण दिवाच बदलणे इष्ट. दुसरी पायरी विजेची. इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना मीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर १४ आणि होल्डरवर १२.६ व्होल्ट आले, तर वाटेत दहा टक्के गळती आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या तुलनेत फार वेगाने घटतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झाले की उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. कारण बहुधा गंजलेले अर्थिंग, सैल कपलर किंवा बारीक वायर हे असते. ती दुरुस्त करून, योग्य फ्यूजसह रिले बसवला की जुनाच बल्ब नव्यासारखा दिसू लागतो. तिसरी पायरी झोत जुळवण्याची. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर, नेहमीचा माल भरून ती करावी. अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे वर-खाली करणारे छोटे चाक असते. ते कशासाठी आहे, हे कित्येक मालकांना ठाऊक नसते. एवढे करूनही उजेड कमी वाटला, तरच बल्बचा विचार करावा आणि तोही ठरवून दिलेल्याच वॉटचा.

जास्त वॉटचा मोह महाग पडतो. १०० वॉटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर १६ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतात, तर मूळ ६० वॉटचे दोन मिळून १० अँपिअर. त्या ओझ्याने होल्डर वितळतो, वायरींग तापते, कधी आग लागते. एलईडी बसवल्यावरही तक्रारी येतात. दिवा लुकलुकला तर आधी अर्थिंग आणि कपलर पाहावा. दिवा लावताच रेडिओ खरखरला, तर दोष बहुधा बल्बच्या स्वस्त ड्रायव्हरमध्ये असतो. काचेत वाफ साठते, कारण एलईडीची उष्णता मागे जाते आणि हॅलोजनसारखी पुढची काच तापत नाही. मागच्या रबरी टोपणात पंखा कोंडला, की बल्ब लवकर मरतो.

घाटातल्या धुक्याबद्दलही एक गैरसमज आहे. पिवळा प्रकाश धुके भेदतो, असे म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींच्या तुलनेत इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो झोत किती खाली आणि किती आखीव आहे याने. वर उडणारा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालते. १९८९ च्या नियमांनुसार दिव्यापुढे आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवरचे डोळे दिपणार नाहीत इतका झोत खाली हवा. जर्मनीने २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बना दार उघडले, तेही चाचणी केलेल्या ठराविक बल्बना आणि ठराविक गाड्यांसाठीच. आपल्याकडे असा बल्ब कोणत्याही गाडीसाठी गल्ल्यावर मिळतो आणि दंड झालाच तर तो फक्त चालकाला होतो. विकणाऱ्याला कोणी विचारत नाही.

दंडाच्या पावत्यांनी हे सुटणारे नाही. बाजार समित्यांच्या आवारात आणि पेट्रोल पंपांवर एखादी भिंत रंगवून तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा आखाव्यात, १० मीटरवर जमिनीवर पट्टा मारावा. माल भरून निघणाऱ्या चालकाने दोन मिनिटे तिथे गाडी उभी करून आपला झोत पाहावा. यासाठी लागतो तो रंगाचा एक डबा आणि थोडी इच्छा. फिटनेस तपासणीतही दिवे भरलेल्या गाडीचे पाहिले जावेत.

वाशीला माल उतरवून तोच चालक रिकामा पिकअप घेऊन पुढच्या रात्री घाट चढतो, तेव्हा समोरून दुसरा भरलेला पिकअप येत असतो. त्याचे दिवे कुणीतरी तपासलेले असावेत, एवढीच त्याचीही अपेक्षा असते.