इतर हक्कांच्या रकान्यातले राजकारण

विचारसरणी वगैरे आता काही उरलेले नाही, असे महाराष्ट्रात हल्ली कोणीही म्हणते, आणि सकाळी एका पक्षाचा उपरणेधारी संध्याकाळी दुसऱ्याच्या व्यासपीठावर पाहिल्यावर माणूस दुसरे काय म्हणणार? पण पुढारी गेला म्हणून विचार जात नाही. एकदा का तो कायद्याच्या कलमात शिरला, की त्याला तिथून हलवणे महाकठीण. पडताळा पाहायचा असेल तर जाहीरनामे बाजूला ठेवा आणि घरातला सातबारा काढा. वरच्या बाजूला भूधारणा पद्धती, वर्ग एक की वर्ग दोन. मध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार, पोटखराबा, फेरफार क्रमांक. उजवीकडे कूळ, खंड आणि इतर हक्क. या एका कागदावर गेल्या दोनशे वर्षांतल्या निदान पाच-सहा विचारसरणी आपापली नोंद करून गेल्या आहेत, आणि नंतर आलेलीने आधीचीला पूर्ण कमी केलेले नाही.

‘आकार’ घ्या. रुपये-पैशांतला तो क्षुल्लक आकडा लंडनहून आलेला आहे. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने पुणे जिल्ह्याची मोजणी प्रिंगल नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे सोपवली. हा हेलीबरीच्या कंपनी कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. जमिनीचा खंड म्हणजे काय, हे तेव्हा माल्थस आणि रिकार्डो हे अर्थशास्त्रज्ञ सांगत होते आणि कंपनीच्या लंडनच्या कचेरीत बसून जेम्स मिल ते धोरणात उतरवू पाहत होता. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख हे ज्यांचे ब्रीद, ते हे उपयुक्ततावादी. त्यांचे गणित सरळ होते. शेतीचा खर्च वजा जाता जे निव्वळ उत्पन्न उरते, त्यावर कर लावला तर कोणाचेच नुकसान नाही. प्रिंगलने त्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे ठरवले. इंदापूरच्या बाजूला रयत जमिनी टाकून निघून गेली. मग १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुन्हा मोजणी केली, आकार खाली आणला, तीस वर्षांसाठी कायम केला, आणि सिद्धांतापेक्षा गावचा अंदाज जास्त धरला. उत्तम पुस्तकी विचार चुकीच्या आकड्यावर बसवला तर गाव ओस पडते, हे महाराष्ट्राने फार लवकर पाहिले.

याच विचाराची दुसरी बाजू अशी, की रयत आता खातेदार झाली. जमीन तिच्या नावावर, म्हणजे ती गहाण टाकता येते, विकता येते, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याने जाऊही शकते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला आठवडी बाजारी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून दप्तरे आणि कर्जरोखे जाळले. हे लोण पुढे नगर जिल्ह्यापर्यंत गेले. सरकार हादरले. १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला, आणि १९०१ साली मुंबई सरकारने त्याहून पुढचे पाऊल टाकले. काही जमिनी अशा शर्तीवर द्यायच्या, की कलेक्टरच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत. आजचा ‘नवीन अविभाज्य शर्त’ हा शिक्का आणि त्याच्या पोटातला वर्ग दोन यांचे मूळ इथे आहे.

१९०१ च्या या विधेयकाला कडाडून विरोध कोणी केला? फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी. सरकार ऐकेना, तेव्हा ते सभात्याग करून निघून गेले. मला हा प्रसंग महाराष्ट्रातल्या राजकीय विचारांची गुरुकिल्ली वाटतो. एका बाजूला, शेतकरी अजाण आहे, त्याच्या जमिनीला राखण हवी, असे मानणारे मायबाप सरकार. दुसऱ्या बाजूला, तो कळता माणूस आहे, त्याच्या मालमत्तेची किंमत त्याला ठरवू द्या, असे मानणारे उदारमतवादी. पुढे समाजवादी आले, सर्वोदयी आले, आंबेडकरी आणि कम्युनिस्ट आले, तरी हा वाद मिटलेला नाही. फक्त राखण कोणाची आणि कोणापासून, याची उत्तरे बदलत गेली.

कोकणात ती फार ठसठशीत बदलली. अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी, गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीन कसायचीच नाही असा संप १९३३ साली पुकारला आणि तो सहा वर्षे चालवला. शेतकऱ्याने स्वतःच्या पोटावर पाय देऊन केलेला संप! १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन आले. त्या मोर्चात शामराव परुळेकरांसारखे डाव्या विचाराचे लोकही होते. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी यांचे पुढे पटले नाही, पण खोताच्या दारात दोघांचा प्रश्न एकच होता.

१९३९ चा कूळ कायदा, मग १९४८ चा, आणि १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जमीन कसणारे कूळ कायद्याने मानीव खरेदीदार झाले. मराठवाडा आणि विदर्भ यांचे कायदे वेगळे, तपशीलही वेगळे. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्यांनी. जमीनदार म्हणजे सगळेच वाडेवाले नव्हते, दोन एकरांच्या खंडावर पुण्यात मुलांना शिकवणारी कारकुनी घरेही त्यात होती. तरीही राज्याच्या इतिहासात इतक्या माणसांची पाठ इतक्या कमी रक्तपातात सरळ करणारा दुसरा कायदा मला दाखवता येणार नाही.

मात्र त्या कायद्यातली ‘स्वतः कसणे’ याची व्याख्या सावकाश वाचायला हवी. स्वतः राबून कसणे हे कसणे. कुटुंबाने राबून कसणे हेही कसणे. आणि आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून, रोख किंवा धान्याची मजुरी देऊन कसून घेणे, तेही ‘स्वतः कसणे’च. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात उतरली ती अशी. बांधावर उभा राहणारा कसणारा ठरला आणि वाफ्यात वाकलेला मजूर राहिला. ज्यांच्याकडे कूळ म्हणूनही जमीन नव्हती, त्यांना १ एप्रिलने काहीच दिले नाही, आणि त्यांत दलित किती होते हे सांगायला नको. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांचा भूमिहीनांचा सत्याग्रह या फटीतून उभा राहिला. १९६४ च्या ६ डिसेंबरला सुरू झालेल्या सत्याग्रहात देशभर माणसे तुरुंगात गेली, मागणी पडीक आणि गायरान जमिनीची. महाराष्ट्राने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणे कायम करण्याचा निर्णय घेतला, तो १९९१ साली. अनेक गावांत तो कागद आणि प्रत्यक्ष सातबारा यांची गाठ अजून पडायची आहे. समाजवादाचा दोष कोणता, असे कोणी विचारले तर मी त्या व्याख्येकडे बोट दाखवीन. विचार मोठा होता, त्याला माणूस अर्धाच दिसला.

कुळाला मिळालेल्या जमिनीवरही राखण आलीच. ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ हा शेरा ज्यांच्या इतर हक्कांत आहे, त्यांना तो तोंडपाठ असतो. परवानगीशिवाय विक्री नाही, गहाण नाही. ज्या काँग्रेसने हे बंधन घातले, तिच्याच आघाडी सरकारने २०१४ साली ते सैल केले. खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरा आणि विका. काही रुपयांच्या आकाराला चाळीसने गुणून किती होतात ते ज्याचे त्याने पाहावे. शहरालगतच्या जमिनींचे भाव आभाळाला भिडलेले असताना हा बदल झाला, आणि कृषक दिनाच्या वारसांनी त्यावर विचार म्हणून काही चर्चा केल्याचे माझ्या कानावर नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी मात्र हा प्रश्न विचार म्हणूनच मांडला होता. कमाल जमीन धारणेचा १९६१ चा कायदा, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला असलेली बंदी, हे सगळे त्यांना शेतकऱ्याच्या पायातल्या बेड्या वाटत. मेहता-गोखल्यांचा १९०१ चा युक्तिवाद त्यांच्या तोंडी नव्याने आला. मला तो सगळा पटत नाही. नवी मुंबईच्या आसपास मालक झालेल्या कुळाच्या मुलाने जमीन विकून घेतलेली गाडी आणि आज त्याच जमिनीवरच्या इमारतीखालची त्याची पहारेकऱ्याची नोकरी, हे उदारमतवादाचे फळ की दोष, याचे उत्तर त्या विचाराकडे नाही. पण चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवून पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक देणारे तेच. सरकार कायदा करील तेव्हा करील, तुम्ही आपल्या हाताने बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करा, असे त्यांनी पुरुषांना सांगितले, आणि गावेच्या गावे तलाठ्याकडे गेली. सक्तीविना एवढा बदल होतो, हे डाव्यांनी कबूल करायला हवे होते.

कायदाही आला. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राने २००५ साली, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. म्हणजे समतेची विचारसरणी सातबाऱ्यापर्यंत पोहोचली. वडील गेल्यावर वारसनोंद होते, तीन भावांबरोबर दोन बहिणींची नावे चढतात. मग दिवाळी येते, किंवा भाऊ म्हणतो कर्जासाठी सह्या लागतील, आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र होते. मोबदला नाही, माहेर तुटू नये एवढीच अपेक्षा. या रिवाजाला कलम नाही, परिशिष्ट नाही, कोणत्या पक्षाचा झेंडाही नाही. वकील, तलाठी, मामा आणि आईसुद्धा त्याचे कार्यकर्ते असतात. डाव्या, उजव्या, मधल्या कोणत्याही विचाराच्या घरात हे पत्र सारख्याच मजकुराने होते, आणि बहिणींची नावे कमी करणाऱ्या त्या फेरफारावर हरकतीसाठी ठेवलेले पंधरा दिवस बहुधा कोरेच जातात.