टाकी भरल्यावर काय?

ऑगस्ट २०१९. कृष्णेच्या पुरानं सांगलीत हाहाकार उडाला होता. आमच्या मंडळाच्या आम्ही चौघी-पाचजणी एका शाळेतल्या निवारा केंद्रात चहा-बिस्किटं वाटत होतो. एका मावशींनी कप घेतलाच नाही. आग्रह केला तर हळूच म्हणाल्या, "नको ताई. चहा प्यालं की परत जावं लागतंय. तिथली टाकी तुंबलीया." सकाळपासून त्या घोटभर पाण्यावर होत्या!

दुसऱ्या दिवशी मैला उपसणारी गाडी आली. "हे नेऊन टाकता कुठं?" मी विचारलं. उत्तर आलं, "पुढं ओढ्याला." ओढा जातो नदीला आणि नदीचं पाणी येतं कुणाच्या तरी नळाला. हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही नाही.

मदतीच्या कामात आपण कपडे मोजतो, धान्य मोजतो, ब्लँकेटं मोजतो. फार तर संडास किती तेही मोजतो. पण ते भरल्यावर काय, हा प्रश्न 'शी!' म्हणून बाजूला पडतो. त्याची किंमत काय होते, हे निर्वासितांच्या छावण्यांनी जगाला दाखवलं आहे.

१९९४मध्ये रवांडातून जीव मुठीत धरून पळालेले लाखो लोक शेजारच्या झैरेमध्ये (आजचं काँगो) गोमा शहराभोवती येऊन पडले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. संडासाचे खड्डे खणता येईनात. मैला उघड्यावर आणि पिण्याचं पाणी तळ्याचं. पहिल्या महिन्याभरात जवळजवळ ५० हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक कॉलरा आणि हगवणीनं. ज्या हिंसाचारातून ती वाचून आली होती, त्यानं नव्हे, पाण्यानं मारलं! या अनुभवानंतर मदत संस्थांनी १९९७पासून 'स्फिअर' नावाचे किमान निकष ठरवायला घेतले. वीस माणसांमागे एक संडास, पुरुषांच्या एकामागे बायकांसाठी तीन, असं त्यात आज स्पष्ट लिहिलेलं आहे.

तरीही पुढची परीक्षा २०१७मध्ये आलीच. म्यानमारमधून सात लाखांवर रोहिंग्या काही महिन्यांत बांगलादेशातल्या कॉक्स बाजार भागात आले. कुटुपालाँगच्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीचं शहरच उभं राहिलं. घाईघाईत हजारो संडास बांधले गेले. खड्डे उथळ, काही तर हातपंपाला खेटून. ते भराभर भरले. वाटा अरुंद आणि चढ-उताराच्या, गाडी जाणार कुठून? वर पावसाळा.

२०१८मध्ये ऑक्सफॅम आणि तिच्या सोबतच्या संस्थांनी तिथल्या बायकांना विचारलं. एक तृतीयांशाहून अधिक जणी म्हणाल्या, पाण्याला किंवा संडास-न्हाणीला जायची भीती वाटते, संकोच वाटतो. दाराला कडी नाही, वर छप्पर नाही. म्हणून त्या खाणं-पिणं कमी करत होत्या आणि पोटदुखी, जंतुसंसर्ग भोगत होत्या. पाळीचे कपडे धुवायला जागा नाही, ही तक्रार वेगळीच. सांगलीच्या मावशी मला तिथेच भेटल्या म्हणा ना!

पण तिथे एक चांगलं कामही झालं. चुन्याचा वापर सुरू झाला. आपण पानाला लावतो त्याच जातीचा चुना उपसलेल्या मैल्यात पुरेशा प्रमाणात कालवला, की त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात. त्याहून मोठं काम म्हणजे ऑक्सफॅमनं रोहिंग्यांनाच हाताशी धरून छावणीत मैला-शुद्धीकरण केंद्र बांधलं. दिवसाला ४० घनमीटर, म्हणजे ४० हजार लिटर मैला घेणारं, दीड लाख माणसांना पुरेल असं. मैला आधी तळ्यांत मुरतो, जिवाणू तो कुजवतात, गाळ खाली बसतो. वरचं पाणी पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून निवळत पुढे जातं. फार अवघड यंत्रं नाहीत. गरज असते ती जागेची, देखभालीची आणि रोजच्या उपसणीची.

आणि हे सगळं 'तात्पुरत्या' छावणीत! तात्पुरतं म्हणून उभं राहिलेलं ते शहर इतक्या वर्षांनी अजून तिथेच आहे. म्हणूनच खड्डा खणतानाच तो उपसणार कोण, नेणार कुठे आणि त्याचं करणार काय, हे ठरायला हवं. ते नंतर बघू म्हणणं म्हणजे रोगराईला आवतण देणं.

मैत्रिणींनो, आपल्याकडचे निवारे महिनाभराचे असतील, पण प्रश्न तोच आहे. सांगली-कोल्हापूरला २०१९नंतर २०२१मध्ये पुन्हा पूर आला. कुठल्या शाळा, कुठली मंगल कार्यालयं उघडायची, हे गावाला ठाऊक असतं. मग त्या यादीत खोल्यांबरोबर चार रकाने वाढवायला काय हरकत आहे? टाकी केवढी, किती माणसांना किती दिवस पुरेल, उपसणार कोण, शुद्धीकरणाला नेणार कुठे? दिवा आणि कडी आहे का, हे मात्र तिथे राहून गेलेल्या बायकांनाच विचारा. ग्रामसभेत हा विषय काढताना लाजायचं कारण नाही. लाज वाटायची तर मैला ओढ्यात सोडताना वाटावी.

पुढच्या वेळी त्या मावशींना दोन कप चहा निर्धास्त पिता यायला हवा. मदत पोहोचली की नाही, हे मी तरी त्यावरूनच ठरवीन.