पारावर बसायचं वय कोणतं?



बैठकीला आलेले पन्नाशीपुढचे बरेच जण एकच वाक्य बोलून मोकळे होतात, "आता आमचं काय राहिलं?" तिफण पोराच्या हाती दिली, आता पारावर बसायचं. विशीतलं पोरगं आधीच तिथं बसलेलं असतं. ते म्हणतं, "अजून काही ठरलं नाही." दोघांचं दुखणं एकच. आयुष्याला दिशा कुठूनतरी चालत येईल, याची दोघं वाट पाहतात. (मायबहिणींच्या तोंडून हा प्रश्न मी ऐकलेला नाही. त्यांना पारावर जागाच नाही आणि कामातून सुटकाही नाही.)

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी. १९८३ साली, चाळिशी उलटल्यावर, पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, काट्या लावून जनावरांपासून राखल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत राहिले. तेच धान पुढे 'एचएमटी' म्हणून देशभर गेलं. हे नाव त्या काळच्या घड्याळाचं. पैसा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही, २०१८ साली ते हलाखीतच गेले. तो हिशेब वेगळा मांडावा लागेल.

दुसरे विलासराव साळुंखे. पुण्याचे इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातले हाल पाहिले, तेव्हा पस्तिशीचे होते. नायगावला देवस्थानची ४० एकर माळरान जमीन कराराने घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडवलं. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही हक्क आणि ऊस बंद. २००२ साली जाईपर्यंत ते त्याच कामात होते.

या दोघांनी आधी ध्येय ठरवून मग पाऊल उचललं नाही. समोर दिसलं ते सोडलं नाही, एवढंच.

ध्येय सापडल्यानं सोसायटीचं कर्ज फिटत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाला 'जीवनाचा उद्देश शोध' म्हणणं ही थट्टा आहे. भावासाठी लढावंच लागेल. पण गावात डोळ्यांची टंचाई आहे, आणि चाळीस खरीप पाहिलेला डोळा पारावर बसून आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातला कापूस खाल्ला. अळी बोंडात शिरली की बाहेरून कळत नाही. त्याआधी फुलं गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसतात, ती डोमकळी. पोरगं बँकेच्या रांगेत उभं असताना, लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी रोज सकाळी ओळीनं फिरून डोमकळ्या मोजणार कोण? कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ आली, हे लिहून ठेवणार कोण?

ज्वारीचंही तेच. संकरित वाणाचं बी धरता येत नाही, मालदांडीचं येतं. मालदांडी ३५-१ हा वाणही गावरान मालदांडीतून निवडूनच काढलेला आहे. कणसं खळ्यावर निवडू नका, उभ्या पिकात निवडा. शेजारची ताटं सुकली असताना जे ताट टिकलं, त्याचं कणीस खळ्यावर ओळखू येणार नाही.

पुढच्या बैठकीला पन्नाशीपुढच्यांनी डोमकळ्यांची वही आणावी. येताना पारावरचं एक पोरगंही सोबत घ्यावं, आकडे त्यानं वाचून दाखवायचे.