कौशल्याचा दाखला कोण देणार?

पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्याच्या आसपासच्या गावांत आज अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेतलेली तरुणांची एक पिढी उभी आहे. बंदर, रेल्वे, सागरी सेतू आणि विमानतळ हे सारे तिच्या डोळ्यांदेखत उभे राहिले. या पिढीतील जो तरुण ऑस्ट्रेलियासारख्या देशात जाऊन स्थायिक होऊ इच्छितो, त्याला व्हिसाच्या अर्जाआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. तू नेमका कोणत्या वर्गातला अभियंता आहेस? प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन वाटतो. वस्तुतः श्रमाचे मोल कोण ठरवतो आणि त्या मोलाचा पुरावा कोणाच्या हाती असतो, हा समाजवादी चळवळीचा जुना प्रश्नच त्यात दडलेला आहे. म्हणून कार्यकर्त्यांनी तो परदेशी जाणाऱ्यांची खासगी बाब समजून सोडून देऊ नये.

प्रथम व्यवहार काय आहे ते पाहू. ऑस्ट्रेलियात अभियंत्यांच्या कौशल्याची पारख 'इंजिनियर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था करते. तिने चार वर्ग कल्पिले आहेत. चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचे शिक्षण असलेला 'प्रोफेशनल इंजिनियर', तीन वर्षांच्या पदवीच्या तोडीचे शिक्षण असलेला 'इंजिनियरिंग टेक्नॉलॉजिस्ट', दोन वर्षांच्या प्रगत पदविकेच्या तोडीचे शिक्षण असलेला 'इंजिनियरिंग असोसिएट' आणि व्यवस्थापनाची जबाबदारी वाहणारा 'इंजिनियरिंग मॅनेजर'. आपल्याकडील दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेला सामान्यतः तिसऱ्या वर्गात जागा मिळते. या वर्गांमागे तीन आंतरराष्ट्रीय करार उभे आहेत. १९८९ चा वॉशिंग्टन करार चार वर्षांच्या पदवीसाठी, २००१ चा सिडनी करार टेक्नॉलॉजिस्टसाठी आणि २००२ चा डब्लिन करार असोसिएटसाठी.

१९८९ हे वर्ष गव्हाणकरांना वेगळ्या कारणाने आठवावे. त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. इकडे खाडीकाठची मिठागरे आणि भातखाचरे जागतिक व्यापाराच्या सेवेला जुंपली जात होती. तिकडे त्याच वर्षी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे सहा इंग्रजीभाषी देश एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार करीत होते. मालाला बंदर खुले झाले. माणसाच्या विद्येला मात्र दार उघडायला पंचवीस वर्षे लागली. भारत या कराराचा पूर्ण सदस्य झाला तो जून २०१४ मध्ये. तेही दार सर्वांसाठी उघडले नाही. राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने ज्या संस्थांचे अभ्यासक्रम पहिल्या श्रेणीत मान्य केले, त्यांच्याच पदवीधरांना कराराचा लाभ मिळतो, आणि पहिल्या श्रेणीत मुख्यतः स्वायत्त संस्था येतात. विद्यापीठाशी संलग्न असलेल्या साध्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलाला हा मार्ग बंद आहे. त्याने चार वर्षे तोच अभ्यास केला असला तरी त्याला आपली पात्रता वेगळ्या अहवालाने सिद्ध करावी लागते. जातपात आणि मिळकत यांनी शिक्षणात पाडलेली दरी अशा रीतीने देशाच्या सीमेपलीकडेही माणसाची पाठ सोडत नाही.

त्या अहवालात अर्जदाराने आपल्या कामाचे तीन प्रसंग स्वतःच्या शब्दांत, प्रथमपुरुषी सांगायचे असतात. कोणती अडचण आली, तिच्यावर आपण काय विचार केला, काय गणित मांडले, काय निर्णय घेतला, हे त्यातून दिसले पाहिजे. गटाने काय केले यापेक्षा 'मी' काय केले, हे तिथे तपासले जाते. कोणता वर्ग निवडावा याचे उत्तरही याच प्रसंगांत असते.

एक परिचित उदाहरण घेऊ. बंदराच्या आवारात कंटेनर उचलणारी एक क्रेन आहे. तिच्या रुळांखालचा पाया किती भार सोसेल, वाऱ्याचा जोर धरून तिची रचना कशी असावी, एका भागातील बदलाचा साऱ्या यंत्रणेवर काय परिणाम होईल, याचा निर्णय घेणारा माणूस पहिल्या वर्गाचे काम करतो. उपलब्ध तंत्रज्ञान त्या क्रेनच्या नियंत्रणव्यवस्थेत कसे बसवावे, जुन्या यंत्रणेशी त्याचा मेळ कसा घालावा, हे ठरवणारा दुसऱ्या वर्गाचे काम करतो. ब्रेकची झीज मोजणारा, ठरलेल्या मानकाप्रमाणे चाचणी घेऊन नोंद ठेवणारा, आराखड्याबरहुकूम जोडणी करून घेणारा आणि बिघाड हुडकून काढणारा तिसऱ्या वर्गाचे काम करतो. तिघांपैकी एकही नसेल तर क्रेन चालणार नाही. तिसऱ्याची चूक झाली तर खाली उभ्या असलेल्या मजुराचा जीव जाईल. तेव्हा तिसरा वर्ग हा हीन वर्ग होय, अशी जी समजूत घराघरांत रुजली आहे, तिला श्रमाच्या दृष्टीने काडीचाही आधार नाही.

ही समजूत मात्र एजंटांच्या पथ्यावर पडते. तयार अहवाल विकणारे लोक पदविकाधारकाला सांगतात की 'असोसिएट' कशाला, सरळ 'इंजिनियर' म्हणून अर्ज करू. लिखाण आम्ही पाहून घेतो. लग्नपत्रिकेत शोभणारा शब्द अर्जात घातला जातो आणि दुसऱ्याच्या कामाची कथा आपल्या नावावर उतरवली जाते. उसने लिखाण उघडकीस आले की अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय ठरावीक काळ नव्याने अर्ज करण्याची वाटही बंद होते. ज्या घराने साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकून फी भरली असेल, त्याची पुंजी त्या एका लबाडीत बुडते. शिवाय वरचा वर्ग मागून पदरात काय पडते, हेही कोणी सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत किमान ६५ गुण लागतात. पदवीला १५ आणि पदविकेला १० गुण मिळतात. हे गुण शिक्षणाला आहेत. अभियंत्याच्या वर्गाच्या नावाला वेगळा गुण नाही. वर्गावरून ठरतो तो व्यवसाय. त्या व्यवसायाला कोणत्या व्हिसाच्या यादीत जागा आहे हे आधी पाहावे, आणि आपण प्रत्यक्षात केलेल्या कामाशी तो जुळतो का, हे त्याच्याही आधी पाहावे.

प्रामाणिकपणा हा उपदेश येथवर सोपा वाटतो. खरी अडचण यापुढे आहे. प्रामाणिक माणसाला आपले खरे काम सिद्ध करता येते काय?

गोदीभोवतालच्या कंटेनर गोदामांत आणि बांधकामांवर काम करणारा एखादा पदविकाधारक डोळ्यांसमोर आणावा. तो रोज यंत्रे तपासतो, मोजमापे घेतो, दहा कामगारांना काम समजावून सांगतो. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर त्याची नोंद मात्र 'हेल्पर' अशी असते, कारण त्या नोंदीने किमान वेतन कमी बसते. वर्षा-दोन वर्षांनी कंत्राट बदलते, कंत्राटदाराचे नाव बदलते, माणूस मात्र तोच आणि काम तेच. नेमणुकीचे पत्र नाही, पगाराची चिठ्ठी असली तर त्यावर हुद्दा नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात रक्कम दिसते, काम दिसत नाही. कामाचा अनुभव मोजून घ्यायचा झाला, तर मालकाचे तपशीलवार पत्र आणि त्याला दुजोरा देणारा कर किंवा निधीचा सरकारी कागद, दोन्ही मागितले जातात. त्या वेळी या तरुणाच्या हाती सहा वर्षांच्या घामाचा एकही कागद नसतो. कंत्राटी पद्धत मजुरी कापते हे सर्वांना ठाऊक आहे. ती कामगाराच्या कौशल्याचा पुरावाही पुसून टाकते, याकडे चळवळीचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

वर्गवारीच्या नावाखाली कौशल्य नाकारण्याची ही रीत नवी नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी अधिक होती; पण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेतले जात नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. तिथे हाताचे कसब कमी नव्हते. माणसाच्या जन्मावर मारलेला शिक्का आड येत होता. पुढे त्याच गिरण्यांत 'बदली' कामगार वर्षानुवर्षे कायम कामगाराचेच काम करीत राहिले आणि कागदावर तात्पुरतेच राहिले.

गव्हाणच्या परिसराला तर हा अनुभव जमीन जाण्याच्या वेळीच आला. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादनाखाली आल्या. भरतीचे पाणी अडवणारे बांध घालणे, उघाडीतून खारे पाणी बाहेर काढणे, मिठागराच्या कोंड्यांना नेमका उतार देणे, हे या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी माणसाचे पिढीजात ज्ञान होते. पाण्याची पातळी आणि मातीची ताकद ओळखणारी ती अभियांत्रिकीच होती. नव्या शहराच्या कागदांत त्या ज्ञानाला रकाना नव्हता. बांध बांधणारा माणूस एका रात्रीत अकुशल ठरला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाटा आणि नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले, ते केवळ जमिनीच्या भावासाठी नव्हे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याने विकसित भूखंडात वाटा मिळवला. कौशल्याच्या नोंदीचा लढा मात्र तेव्हापासून मागे राहून गेला आहे.

येथे काही सहकारी आक्षेप घेतील. परदेशी जाणारा तरुण आपल्यापुरती सुटका करून घेतो; त्याची उठाठेव पक्षाने का करावी? आक्षेपात तथ्य आहे. आपल्या समाजाने वाढवलेला, शिकवलेला माणूस ऐन उमेदीत दुसरा देश घेऊन जातो. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत वयासाठी सर्वाधिक ३० गुण २५ ते ३२ वर्षांच्या अर्जदाराला मिळतात, यातच सारे आले. बालपणाचा, शाळेचा, आजारपणाचा खर्च इकडे आणि पिकलेले श्रम तिकडे. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात अशा स्थलांतरितांच्या तिकडील उत्पन्नावर कर बसवून तो मायदेशांच्या विकासाकडे वळवावा, अशी सूचना केली होती. श्रीमंत देशांनी ती अमलात आणली नाही. परदेशस्थांकडून भारतात २०२२ पासून दरवर्षी शंभर अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम येते, हे खरे. पण ती कुटुंबांची बचत आहे. शिक्षणावर झालेल्या सामाजिक खर्चाची ती परतफेड नव्हे.

तथापि या अन्यायाचा राग जाणाऱ्या तरुणावर काढणे हा समाजवाद नव्हे. कोकणातला माणूस पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा त्याला पळपुटा कोणी म्हटले नाही. चळवळ त्याच्या मागोमाग गिरणगावात गेली. आजचा तरुण मेलबर्नला गेला तरी तो वेतनावर जगणारा कामगारच राहतो, आणि तिकडेही अभियंत्यांची संघटना आहे हे त्याला सांगणे आपले काम आहे. शिवाय या कामाचा खरा लाभ मागे राहणाऱ्यांना आहे. जो कागद एकाला ऑस्ट्रेलियाच्या दाराशी लागतो, तोच कागद नव्व्याण्णव जणांना इथे किमान वेतनाची वरची श्रेणी, बढती आणि कायमपणा मिळवण्यासाठी लागतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत, काम संपल्यावर कंत्राटदाराने सेवेचे प्रमाणपत्र द्यावे अशी तरतूद होती; ती बहुतांशी कागदावर राहिली, कारण ती मागण्याची सवय आपण लावली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या. कामगारांचे संरक्षण त्यांनी अनेक ठिकाणी सैल केले आहे, आणि त्यांना असलेला आपला विरोध कायमच आहे. पण त्यांतील नेमणूकपत्राची सक्ती मालकाच्या गळ्यात बांधण्याची संधी दवडू नये. प्रत्येक कंत्राटी कामगाराला हुद्दा आणि कामाचे स्वरूप लिहिलेले नेमणूकपत्र मिळाले पाहिजे. कंत्राट बदलताना त्यावर मूळ मालकाची सही असलेला सेवेचा दाखला मिळाला पाहिजे. प्रत्यक्ष काम आणि हजेरीपटावरची श्रेणी यांत तफावत असेल तर ती कामगार कार्यालयापुढे गेली पाहिजे. विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत. तिथली नवी कंत्राटे जुन्या बंदराच्या वाटेने जाण्यापूर्वीच ही मागणी उभी राहिली पाहिजे.

आणि तोपर्यंत एक साधे काम गावोगावच्या शाखांना आजच करता येईल. प्रत्येक तंत्रशिक्षित कामगाराने एक वही ठेवावी. आज कोणते यंत्र उघडले, काय मोजले, काय बिघडले होते, आपण काय केले, हे तारखेनिशी लिहावे. वरिष्ठाची सही मिळाली तर घ्यावी, न मिळाली तर दोन सहकाऱ्यांची घ्यावी. शाखेने महिन्यातून एकदा बसून या वह्या तपासाव्यात, लिहायला अडखळणाऱ्यांना मदत करावी. अशा वहीवरून कोणता वर्ग निवडावा हे एजंटाला विचारण्याची गरज उरणार नाही. वहीच ते सांगेल. आणि ती वही घेऊन माणूस व्हिसाच्या खिडकीवर गेला काय किंवा कामगार आयुक्तांच्या दारात गेला काय, आपण कोण आहोत आणि आपल्याला काय येते, हे सांगताना त्याला कोणाच्या मेहरबानीची वाट पाहावी लागणार नाही.