पाचू, पुली आणि तुपाचा डबा

जयपूरला जाणारी मंडळी हवामहल बघतात, जौहरी बाजारात खड्यांच्या किमतीवरून घासाघीस करतात आणि रजई बांधून परततात. तो खडा घडतो कुठे, हे बघायचं तर रामगंजच्या गल्ल्यांत शिरावं लागतं. तिथे घराच्या पुढच्या खोलीतच कारखाना असतो. मी गेले त्या घरातला नेमका बंद होता.

यंत्र तसं साधं. मोटार, पट्टा, उभा दांडा आणि त्यावर आडवी फिरणारी चकती, म्हणजे साण. खडा लाखेने काडीला चिकटवायचा आणि साणेवर टेकवून एकेक पैलू पाडायचा. पूर्वी साण कमानीने, हातानेच फिरवत. हे यंत्र जुळवून केलेलं होतं: मोटार एकाकडची, पुली दुसऱ्याकडची, चौकट सुताराची. भाग झिजला तर दुकानात जाऊन अमुक नंबरचा द्या, असं म्हणायची सोय नाही. लेथवर मापाने करून घ्यायचा.

दांडा ज्यात फिरतो तो पितळी बुश झिजला होता. फट कागदाच्या जाडीएवढी, पण तेवढ्यानेही चकती डुगडुगते, पैलूंच्या कडा जुळत नाहीत. पाचूत तर मुळातच बारीक भेगा असतात. धक्का बसला की टवका उडालाच. खडा व्यापाऱ्याचा, मजुरी नगावर. यंत्र थांबलं त्या दिवशी हातात काही नाही.

टर्नरने बुशला हातच लावला नाही. आधी दांडा चार ठिकाणी मापला. तोही एका बाजूने झिजला होता! तो लेथवर गोल करून मग त्याच्या नव्या मापाचा बुश केला. जुन्या मापाचा बसवला असता तर महिन्याभरात पुन्हा तीच रड. (आमच्या मिक्सरवाल्याची आठवण झाली. तो आधी नवा भाग बसवतो, मग दोष शोधतो.)

पुलीही बदलायची होती. घरधनी म्हणाले, जरा लहान करा, काम भरभर होईल. टर्नरने हिशेब मांडला. मोटार मिनिटाला 1440 फेरे घेते. तिची पुली 2 इंची आणि दांड्याची 4 इंची, म्हणजे साणेचे फेरे 720. दांड्याची पुली साडेतीन इंची केली की 820च्या वर. खडा तापणार, लाख मऊ होणार आणि पाचू हातचा जाणार. पुली 4 इंचीच राहिली.

खरी सुधारणा मात्र घरच्या बाईंची. त्या जांभळ्या स्फटिकाचं काम करतात. साणेवर सलाईनच्या नळीने थेंबथेंब पाणी पडेल, अशी बाटली त्यांनी टांगली आहे. स्फटिक किंवा अकीक कोरडा घासला की सिलिकाची धूळ छातीत जाते. गुजरातेत खंबातच्या अकीक कारागिरांना याच धुळीने सिलिकोसिस झाला, आणि तो बरा होत नाही. पाणी आलं म्हणून मोटार बाजूला उंचावर ठेवली, अर्थिंगची तारही जोडून घेतली.

निघताना पट्ट्यावरचं पत्र्याचं झाकण दिसलं. एकदा ओढणी पट्ट्यात अडकली होती, म्हणून तुपाचा डबा कापून त्यांनी ते स्वतःच केलं. कडा दुमडलेल्या, वर कंपनीचं नाव अजून अर्धं वाचता येतं. तुम्ही शिलाई मशीनला मोटार बसवून घेतली असेल, तर तिच्या पट्ट्यावर झाकण आहे का, आजच बघा. पदर तिथूनच जातो.