आखडलेले हात



आज एका आजाराविषयी, आणि त्याहूनही अधिक त्या आजाऱ्याच्या घरच्या माणसांविषयी, चार शब्द लिहावयाचे आहेत. पण आरंभी माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

आमच्या धर्मग्रामातील एक बाई सकाळी सहाच्या मिस्साला नेमाने येत असत. वय चाळिशीच्या आतबाहेर. घरी नवरा, तीन मुले आणि दोन म्हशी. वेदीवरची फुले बहुधा त्यांच्याच परसातली असत. पुढे त्या येईनाशा झाल्या. आठवडे गेले, महिने गेले. संध्याकाळी मात्र त्या दुकानात किंवा बाजाराच्या वाटेवर दिसत, त्यामुळे लोक कुजबुजू लागले. असेच एकदा त्या मला वाटेत भेटल्या. मी हसत हसत, पण टोचून म्हणालो, “बाजाराकडे पाय वळतात, बाई, मग देवळाचीच वाट तेवढी जड का झाली?” त्या काही बोलल्या नाहीत. खाली मान घालून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या शेजारच्या एका वृद्धाला ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी भल्या सकाळी त्या आळीत गेलो. परतताना सहज त्यांच्या दारात डोकावलो. बाई पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात कोमट पाण्याचे घमेले होते आणि नवरा त्यांचे दोन्ही हात त्या पाण्यात धरून बसला होता. बोटांची पेरे सुजून तकतकीत झाली होती. मूठ मिटत नव्हती. थोरली मुलगी मागे उभी राहून आईची वेणी घालीत होती. मला पाहून बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, “फादर, सकाळी हे हात माझे नसतात. दहा वाजले की थोडेसे माझे होतात.”

मी त्यांची क्षमा मागितली. पण उच्चारलेला शब्द परत घेता येत नाही. निदान तुमच्यापैकी कोणाकडून असा शब्द जाऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

या रोगाला आपल्याकडे कोणी संधिवात म्हणतात, कोणी आमवात. ‘माधवनिदान’ या जुन्या वैद्यक ग्रंथात आमवाताचे वेगळे प्रकरणच आहे. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, ते नाव आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने १८५९ साली दिले. म्हातारपणी गुडघे झिजून दुखू लागतात, तो हा रोग नव्हे. शरीरात रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती असते, ती या रोगात शत्रू-मित्र ओळखीनाशी होते आणि सांध्यांच्या आतल्या मऊ अस्तरावरच तुटून पडते. अस्तर सुजते, सूज बरेच दिवस राहिली तर कूर्चा आणि हाड कुरतडले जाऊन बोटे वाकडी होतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दुपटी-तिपटीने आढळतो आणि ऐन कर्त्या वयातही जडतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो जडण्याचा संभव अधिक, आणि जडल्यावर त्याचा जोरही अधिक.

त्याची ओळख अशी. बहुधा हातापायांचे लहान सांधे आणि मनगटे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर अंग अर्धा तास, तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ आखडलेले असते. झिजेच्या दुखण्यात हा ताठरपणा थोड्या मिनिटांत जातो आणि वावरल्यावर दुखणे वाढते. येथे बहुधा उलटे, वावरू लागल्यावर अंग मोकळे होते. शिवाय अंगात कसकस, भूक मंद, आणि थकवा तर असा की नुसते बसूनही माणूस गळून जावे. असे दुखणे काही आठवडे टिकले तर सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे. पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा औषध सुरू झाले तर सांधे पुष्कळ अंशी वाचवता येतात. एकदा कुरतडलेले हाड मात्र औषधाने पूर्ववत होत नाही. रक्ताची एखादी तपासणी निर्दोष आली एवढ्यावरून रोग नाहीच, असेही समजू नये.

आमच्या बाईंचे हे मोलाचे महिने पुड्यांत गेले. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका विक्रेत्याकडून नवऱ्याने बिननावाच्या पुड्या आणल्या. दोन दिवसांत दुखणे पळाले, घरात आनंद झाला. पण चार-पाच महिन्यांत चेहरा गोल होऊन सुजल्यासारखा दिसू लागला, आणि पुडी चुकली की दुखणे दुप्पट. डॉक्टरांनी ओळखले, की पुडीत स्टेरॉइड असणार. स्टेरॉइड हे काही विष नव्हे. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन हे औषध या रोगावर प्रथम दिले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि १९५० साली त्यांना दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या औषधाची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली: हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, जंतू सहज शिरकाव करतात. म्हणून डॉक्टर ते मोजून, जपून देतात. न मोजता बिननावाच्या पुडीतून ते पोटात जाणे घातक. आणि कोणी अशा पुड्या बरेच दिवस घेत असेल, तर भीतीने एकाएकी बंदही करू नयेत. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे, ते क्रमाक्रमाने उतरवतील.

या रोगावरील आजचे प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या मुळाशी आपल्याच देशातील एका मनुष्याचे श्रम आहेत. यल्लाप्रगडा सुब्बराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमवरम येथे झाला. भाऊ संग्रहणीने गेल्याचे दुःख उराशी धरून ते अमेरिकेत गेले. तेथील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व तयार झाले, आणि त्या जीवनसत्त्वाला अटकाव करणारी औषधेही, मेथोट्रेक्सेट त्यांतलेच. प्रथम ते कर्करोगावर वापरले गेले. १९८८ साली अमेरिकेत या सांधेरोगासाठी त्याला रीतसर मान्यता मिळाली. सुब्बराव १९४८ सालीच वारले होते. आज आपल्या खेड्यातील बाई मेथोट्रेक्सेटची गोळी घेते, आणि तिचा त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिडचीही घेते, तेव्हा दोन्ही गोळ्यांमागे त्याच प्रयोगशाळेचे श्रम असतात.

घरच्या माणसांनी येथे एक गोष्ट काळजावर कोरून ठेवावी. या रोगात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. माझ्या पाहण्यातल्या एका घरी चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे आजीबाईंना ही गोळी आठवडाभर रोज दिली गेली. तोंडात फोड आले, ताप चढला. वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेले म्हणून त्या वाचल्या. तेव्हा वार ठरवावा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वारावर खूण करावी, आणि गोळी देण्याचे काम घरातील एकाच माणसाने पत्करावे. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात; “दोन आठवडे झाले, काहीच फरक नाही” म्हणून सोडू नये. रक्त, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्या सांगितल्या वेळी कराव्यात. दारू वर्ज्य. हे औषध चालू असता गर्भ राहणे बाळाला अपायकारक असते, म्हणून तरुण जोडप्यांनी डॉक्टरांशी आधी मोकळेपणाने बोलावे. ताप, तोंडातील फोड, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढच्या गोळीपूर्वीच त्यांना कळवावे.

औषध डॉक्टर देतील. उरलेला दिवस घरच्यांच्या हाती असतो. त्यासाठी पैसा थोडा लागतो, लक्ष फार लागते.

सकाळची घाई त्या माणसावर लादू नये. कोमट पाण्याने स्नान, हात कोमट पाण्यात थोडा वेळ, मग बोटे सावकाश मिटणे-उघडणे. सांधा ताठरलेला असेल तर शेक बरा. लाल होऊन तापला असेल तर थंड पाण्याच्या घडीने आराम पडतो. तापल्या सांध्यावर रगडून मालिश करू नये. उठवताना बोटे वा मनगट धरून ओढू नये. कोपराखाली आणि पाठीला आधार द्यावा. जमिनीवर उठबस नको. खुर्ची जरा उंच असावी आणि शौचालयात उंच बैठक करावी. गुडघ्याखाली उशी घेऊन रात्रभर झोपण्यात क्षणाचे सुख असते, पण गुडघे तसेच वाकून राहण्याचा धोका असतो.

स्वयंपाकघरात पाहा. उलथने, सुरी, चमचा यांच्या मुठीभोवती कापड गुंडाळून त्या जाड केल्या की पकड सोपी होते. भरलेली कळशी उचलण्यापेक्षा तांब्यातांब्याने पाणी घ्यावे. पातेले उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवावे. पिशवी बोटांत न अडकवता कोपरात घ्यावी. कपडे पिळणे, कणीक तिंबणे, भाकरी थापणे ही कामे दुसऱ्या हातांनी उचलावीत, आणि ते हात पुरुषांचेही असू शकतात. सांधे खवळलेले असतील तेव्हा विश्रांती. निवले की चालणे व सांगितलेला व्यायाम रोज. कायम अंथरुणावर ठेवणे ही माया नव्हे, त्याने स्नायू वाळतात. आंबट, भात, डाळ एकेक करीत ताट रिकामे करण्याची रीत आपल्याकडे आहे. अमुक पदार्थ सोडला आणि हा रोग बरा झाला, असे सिद्ध झालेले नाही. आजाऱ्याला पोटभर सकस अन्नच हवे.

पण सर्वांत कठीण सेवा विश्वास ठेवण्याची. हा रोग एका दिवसासारखा दुसऱ्या दिवशी नसतो. काल जत्रेत फिरलेली बाई आज कपबशी उचलू शकत नाही. पाहणाऱ्याला वाटते, ढोंग आहे. सासू बोलते, जाऊ बोलते, आणि कधी धर्मगुरूही बोलतो! बाई मला पुढे म्हणाल्या, दुखणे सोसवत होते, पण “खरेच दुखते का गं?” हा प्रश्न सोसवत नव्हता. म्हणून रोज सकाळी एवढेच विचारावे: “आज हात कसे आहेत? आज मी काय करू?” जे तिला जमते ते तिला करू द्यावे, वेळ लागला तरी. भाजी निवडण्याचे काम हातातून हिसकावून घेतले तर घरातली तिची जागाच हिसकावल्यासारखे होते.

आणि जो सेवा करतो त्याचे काय? त्यांच्या नवऱ्याने एकदा मला हळूच विचारले, “फादर, कधी कधी मला फार राग येतो. हे पाप का?” मी म्हणालो, “राग थकव्याचा आहे. आधी झोप घ्या, मग पापाचे पाहू.” दुसऱ्या रविवारी मी आळीतल्या दोन घरांशी बोललो. आता आठवड्यातून दोन दिवस एक शेजारीण त्यांच्या घरच्या भाकऱ्या करते आणि एक तरुण म्हशींचे पाहतो. एका घराचे ओझे तीन घरांत वाटले की कोणालाच जड जात नाही.

देवळाविषयीही सांगतो. गुडघे टेकता येत नसतील तर बसून प्रार्थना करावी. यात संकोच नको. सकाळची गोळी खाऊन घ्यावी लागते म्हणून कित्येकजण ख्रिस्तप्रसादापासून दूर राहतात. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतील ९१९ वे कलम स्पष्ट सांगते, की वृद्ध व आजारी यांनी तासाभरात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतात. आणि ही सवलत त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही आहे. कायदा करणाऱ्यांना सेवा करणाऱ्याची आठवण राहिली, आपल्यालाही राहावी.

त्या बाई आता रविवारी संध्याकाळच्या मिस्साला येतात. उजव्या हाताची दोन बोटे वाकडी झाली, ती तशीच राहतील. पण सूज उतरली आहे, मूठ बरीचशी मिटते, आणि वेदीवर पुन्हा त्यांच्या परसातली फुले दिसतात. मुलगी शिक्षणासाठी शहरात गेली, म्हणून वेणी आता नवरा घालतो. पहिले काही दिवस तो दार लोटून घेऊन वेणी घालीत असे, कोणी पाहील म्हणून. परवा मी त्या वाटेने गेलो तेव्हा दार सताड उघडे होते.

वाचकहो, तुमच्या आळीत कोणाचे दार लोटलेले आहे का, ते एकदा पाहा. आणि टोचून बोलण्याआधी आत जा.