बेकायदा मरण

2018 साली माझी पोस्टिंग शिलाँगला होती. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आमच्या जेसीओ मेसमधला टीव्ही रात्री अकरापर्यंत कुणी बंद करू देत नव्हतं. थायलंडच्या गुहेत फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांचा कोच अडकले होते. 23 जूनला आत गेलेली पोरं 10 जुलैला शेवटपर्यंत सगळी बाहेर आली तेव्हा मेसमध्ये टाळ्या वाजल्या. पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांचे तज्ज्ञ गेले होते, म्हणून आम्हा मराठी मंडळींची छाती जरा जास्तच फुगली. त्यात चूक काहीच नव्हतं. पोरं कुणाचीही असोत, जीव तुटतोच.

पाच महिन्यांनी, 13 डिसेंबरला, आमच्याच राज्यात पूर्व जैंतिया हिल्समधल्या क्सान गावाजवळ कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं आणि पंधरा माणसं आत अडकली. काही गारो हिल्सची, काही आसामची, काही जवळच्याच गावची. खाण म्हणजे साडेतीनशे फुटांहून खोल सरळ विहीर. तिच्या तळाशी चहूकडे उंदराच्या बिळासारखी आडवी भोकं. त्यात माणूस उभा राहू शकत नाही. उकिडवं बसून कुदळ मारायची, कोळसा ढकलगाडीत भरायचा आणि मागे सरकत बाहेर यायचं.

मेसमधला टीव्ही त्या आठवड्यातही चालू होता. त्यावर क्रिकेट होतं.

मी कुणाला दोष देत नाही, मीही क्रिकेटच बघत होतो. पण नंतर हिशेब मांडला. सुरुवातीला तिथे होते छोटे पंप. पाणी उपसायचं तेवढंच परत भरायचं. किर्लोस्कर आणि कोल इंडिया यांच्याकडून मोठे पंप देऊ करण्यात आले तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते. नौदलाचे पाणबुडे पोचले डिसेंबर संपता संपता. 3 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला सुनावलं की या बचावकार्यावर आम्ही समाधानी नाही. शेवटी पंधरांपैकी दोघांचे मृतदेह बाहेर काढता आले. बाकीचे तिथेच राहिले.

याच विषयावर परवा आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर वाद झाला. एका सुभेदार मेजर साहेबांनी लिहिलं, "ती खाणच बेकायदा होती. गेले कशाला आत?" साहेब माझ्याहून सीनियर, त्यांचा मान मी ठेवतो. पण हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते इथे सविस्तर लिहितो.

खाण बेकायदा होती हे खरं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्येच अशा खाणकामावर बंदी घातली होती. त्यानंतर आमचा कॉन्व्हॉय जोवाई, ख्लेहरियातवरून सिलचरकडे कितीदा तरी गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशाचे ढीग, भरलेले ट्रक, धाब्यावर ड्रायव्हरांची गर्दी. बंदीआधी काढलेला माल हलवायला न्यायालयाने मुदत दिली होती, आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढत होती. जुना कोळसा कुठला आणि नवा कुठला हे ढिगाकडे बघून कोण सांगणार? जमीनमालक, व्यापारी, ट्रकवाला, कोळसा जाळणारा कारखानदार, या सगळ्या साखळीत 'बेकायदा' हा शब्द नेमका चिकटला कुणाला? तळाशी उकिडवं बसलेल्याला. तोही तो मेल्यावर.

आता दुसरं उदाहरण घ्या, फौजी माणसाला जवळचं. 13 जून 1997, दिल्लीचं उपहार थिएटर. 'बॉर्डर' लागला होता. लोंगेवालाची लढाई बघायला आलेली 59 माणसं धुराने गुदमरून मेली. तिथेही बेकायदा काम होतंच. जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवली होती. पण कुणी म्हणालं का, की बेकायदा खुर्च्यांच्या थिएटरात तिकीट काढून गेलेच कशाला? नाही म्हणालं, आणि म्हणूच नये. त्या आईबापांनी पुढे वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, म्हणूनच देशाला आज ते नाव आठवतं. क्सानच्या लोकांकडे ना वकिलाचे पैसे, ना दिल्लीला राहायची सोय.

तेच काम, तीच माणसं, पण आपल्याला गरज पडली की शब्द बदलतो. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यात 41 मजूर सतरा दिवस अडकले. परदेशी यंत्र ढिगाऱ्यात मोडून पडलं तेव्हा शेवटचे काही मीटर हाताने कुणी खणले? असंच बिळात शिरून काम करणाऱ्यांनी. हार घातले गेले, फोटो निघाले. तीन महिन्यांनी त्यांच्यातल्या एकाचं दिल्लीतलं घर अतिक्रमण म्हणून पाडलं. पुन्हा बेकायदा!

वादात दुसरा मुद्दा असा आला की सैनिक देशासाठी मरतो, मजूर पोटासाठी. हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो, म्हणून तर आपण तो मोडून बघत नाही. मी माणदेशातला. भरतीच्या रांगेत पहाटे चारला उघड्या अंगाने उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात देश किती होता आणि दोन वेळची भाकरी किती होती, ते मला माहीत आहे. तुम्हालाही तुमचं माहीत आहे. देश नंतर आला, पलटणीत, आणि तो खराच आला. पण सुरुवात पोटापासूनच झाली.

आणि देशासाठी म्हणजे काय? लडाखमध्ये आमच्या गाड्या ज्या रस्त्यांवरून वर चढल्या ते रस्ते झारखंडच्या दुमक्याहून आलेल्या मजुरांनी फोडलेत. दरड आली की ते आमच्या आधी तिच्याखाली. बॉर्डर रोड्सची स्थापना 1960 ची. तिच्या रोजंदारीवरच्या मजुराचा मृतदेह सरकारी खर्चाने घरी पोचवायची तरतूद व्हायला 2023 साल उजाडावं लागलं. अंत्यविधीची मदत तोवर हजार रुपये होती, ती दहा हजार झाली. निर्णय चांगला, उशिरा का होईना. पण साठ वर्षं आपण, त्याच रस्त्याने जाणारे आपण, काय विचारत होतो? माझ्यासाठी पेटी, तिरंगा, सलामी देणारी तुकडी, सगळं ठरलेलं होतं. पलीकडच्या तंबूतल्या माणसाचं काय ठरलंय हे मी एकदाही विचारलं नाही. हे साहेबांना उद्देशून नाही, स्वतःबद्दल लिहितोय.

खरं तर विचारायला मला झारखंडपर्यंत जायची गरज नव्हती. माझा सख्खा चुलतभाऊ माझ्याबरोबरच भरतीला आला होता. छातीत एक सेंटिमीटर कमी पडला. मी पलटणीत गेलो, तो ऊसतोडीला. पुढे एका हंगामात उसाने भरलेली ट्रॉली उलटली, त्याखाली तो गेला. पेपरात चार ओळी आल्या, त्यात नाव नव्हतं, 'एक मजूर ठार' एवढंच. मला सुट्टी मिळून गावी पोचेपर्यंत अकरा दिवस झाले होते. आमच्याच गावात त्याआधी दोन वर्षांपूर्वी एक जवान आजारपणाने वारला होता, तेव्हा सगळी बाजारपेठ बंद होती. भाऊ गेला त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता, असं नाना म्हणाले. तक्रार म्हणून नाही, आपलं सहज.

तेराव्याला मुकादम आला. वहिनी आत होती. हंगामाआधी दिलेली उचल अजून फिटायची होती, भाऊ गेल्यावर आता कोयत्यावर कोण येणार, हे विचारायला तो आला होता. ओसरीवर मी गणवेशाची पँट घालून बसलो होतो. मला बघून तो चपापला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही आहात होय? मला ठाऊक नव्हतं. मी नंतर येतो."

मी पोस्टिंगवर परत गेलो, मग तो आला.